जुळलेले ओठ, परका आवाज

गेल्या डिसेंबरात शहापूर येथील एका सभागृहात आमच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेला अर्ध्या तासाचा एक बोलपट दाखविण्यात आला. मुरबाड तालुक्यात, माळशेज घाटाच्या पायथ्याकडील एका वाडीत राहणारी, ऐंशी वर्षे ओलांडलेली एक शेतकरी बाई ही त्या बोलपटाची नायिका, किंबहुना त्यातले एकमेव पात्र. आपल्या पडवीत बसून तिने भातशेतीचे वर्षभराचे काम, राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत, कॅमेऱ्यासमोर सांगितले होते. खेळ संपल्यावर मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी मुलांची पाठ थोपटली. ओठ आणि शब्द ह्यांचा मेळ किती चोख साधला आहे, एक अक्षर पुढे नाही, एक अक्षर मागे नाही, असे त्यांतील एका जाणत्या गृहस्थांनी मुद्दाम उभे राहून सांगितले.

मागल्या रांगांत मात्र दोन गोष्टी घडल्या होत्या, आणि त्या पुढल्या रांगांपर्यंत पोहोचल्या नव्हत्या. खेळ चालू असताना एका ठिकाणी तेथे बसलेले शेतकरी खदखदून हसले. त्या जागी हसण्यासारखे काही आहे असे आम्हांस वाटले नव्हते. आणि दिवे लागल्यावर त्या म्हाताऱ्या बाईने शेजारी बसलेल्या नातवास विचारले, “माज्या तोंडान ही कोन बोलते?”

नातू हसला, आसपासची मंडळी हसली. आम्हांस हसता आले नाही, कारण त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक होते. बोलणारी बाई मुंबईच्या एका स्टुडिओत तासाच्या बोलीवर आलेली कलावती होती. आणि तिला त्या म्हातारीच्या तोंडी बसविण्याच्या कागदावर सही आमची होती.

वाचकांस हे प्रास्ताविक घरगुती वाटेल. परंतु आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते त्या एका प्रश्नातच सामावलेले आहे. चित्र आणि ध्वनी ह्यांची जुळणी म्हणजे कोणत्याही तोंडावर कोणताही आवाज बेमालूम बसविणे, अशी एक समजूत आमच्या चित्रपटांच्या व दूरचित्रवाणीच्या व्यवसायात घट्ट रुजली आहे. ही समजूत खोटी आहे, आणि शहापूर-मुरबाडसारख्या मुलखाच्या वाट्यास ती येते तेव्हा खोटेपणावर अन्यायाचीही भर पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुळवावयाचा तो माणूस आणि त्याचा आवाज. ओठ आणि अक्षर ही त्या मोठ्या जुळणीची केवळ शेवटची खूण होय.

प्रथम आमचा गुन्हा सांगतो, म्हणजे दुसऱ्यांवर बोट रोखण्याचा आम्हांस काही अधिकार उरला आहे की नाही, ते वाचकच ठरवतील. मुलांनी चित्रण रीतसर केले होते. कॅमेरा अंगणात होता, आणि कॅमेऱ्यातला कान दूरचे बोलणे नीट टिपत नाही म्हणून आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर बाईच्या पायाशी ठेवला होता. आरंभी एका मुलाने कॅमेऱ्यासमोर टाळी वाजविली. तळहात मिळाल्याचे चित्र आणि टाळीचा आवाज हे एकावर एक बसविले की पुढचे सारे आपोआप जुळते, हे त्यांस ठाऊक होते. स्टुडिओत पाटी आपटतात ती ह्याच हेतूने. परंतु संगणकावर जोडणी केली तेव्हा पहिली दोन-चार मिनिटे ठीक गेली, मग शब्द रेंगाळू लागले, आणि अखेरीस बाईचे ओठ मिटून जवळजवळ दोन सेकंद लोटल्यावर तिचे शेवटचे वाक्य ऐकू येऊ लागले.

मुले घाबरली व चित्रण घेऊन मुंबईच्या एका स्टुडिओत गेली. तेथील प्रमुखांनी पाच मिनिटे पाहून निर्णय दिला: आवाज वाहून गेला आहे, शिवाय मध्ये मध्ये कोंबडा आरवतो आहे, शिवाय बाईचे उच्चार अस्वच्छ आहेत. पुन्हा चित्रण करा, नाहीतर एखाद्या चांगल्या कलावतीकडून डबिंग करून घ्या. अनुदानाचा हिशेब देण्याची तारीख आठवड्यावर आली होती. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकविणारे मास्तर. यंत्रापुढे आमची विद्या चालत नाही असे आम्ही धरून चाललो, आणि सही केली.

शहापूरच्या त्या संध्याकाळनंतर आम्ही मुलांस बरोबर घेऊन त्या “वाहून गेलेल्या” आवाजाचा शोध घेतला. वाचकहो, दोष एका रात्रीत सापडला. मुलांचा कॅमेरा दर सेकंदास २९.९७ फ्रेम घेत होता. जोडणी करताना त्यांनी वेग ३० मांडला होता. अर्ध्या तासात कॅमेऱ्याने घेतलेल्या फ्रेम ५३,९४६ होतात. त्या ३० च्या वेगाने धावल्या की १,७९८.२ सेकंदांत संपतात. आणि रेकॉर्डरमधला आवाज, जो प्रामाणिकपणे खऱ्या घड्याळाप्रमाणे चालला होता, तो आपले १,८०० सेकंद पुरे करतो. राहिला फरक १.८ सेकंदांचा. हा २९.९७ चा चमत्कारिक आकडा तरी आला कोठून? १९५३ साली अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीची पद्धत ठरली, तेव्हा रंगाचा संकेत आणि ध्वनीचा संकेत एकमेकांत गुंतून चित्रावर जाळी उमटू नये, म्हणून मूळचा ३० चा वेग हजारात एक अंशाने कमी करण्यात आला. आपल्या देशाची दूरचित्रवाणी २५ फ्रेमची. तिला त्या तडजोडीशी कर्तव्य नाही. पण बाजारातून आलेल्या कॅमेऱ्यात ती मांडणी तशीच राहिली होती, आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या परदेशी तडजोडीचा दंड मुरबाडच्या एका म्हातारीने भरला.

हजारात एक अंश! जोडणीचा वेग २९.९७ केला असता, किंवा आवाज तेवढाच आवळला असता, तर प्रत्येक शब्द आपल्या जागी जाऊन बसला असता. आणि इतक्या अल्प आवळण्याने आवाजाचा पोत बदलला असे कोणत्याही कानास कळले नसते. हजारातला एक अंश चुकला म्हणून उरलेले नऊशे नव्व्याण्णव अंश आम्ही फेकून दिले. स्टुडिओतील प्रमुखांस हा उपाय माहीत नव्हता असे मानण्यास आम्ही तयार नाही. त्यांस तो शोधावासा वाटला नाही, कारण त्यांच्या लेखी फेकण्यात काही गमावले जात नव्हते. आमचा वाद आहे तो ह्याच दृष्टीशी.

काय गमावले ते आता पाहू. डबिंगची कला ही क्षुल्लक कला नव्हे. ओठ जेथे मिटतात तेथे प, फ, ब, भ, म ह्यांपैकी एखादे अक्षर आले पाहिजे, हा तिचा मूलमंत्र. आपल्या प्राचीन व्याकरणकारांनी पवर्गास ओष्ठ्य म्हटले ते ह्याच निरीक्षणावरून. आजचा डबिंगलेखक नकळत त्यांचाच शिष्य आहे. स्टुडिओने नेमलेल्या लेखकाने बाईचे ओठ बारकाईने पाहिले आणि तिचे बोलणे “स्वच्छ” मराठीत लिहून काढले. बाई म्हणाली होती, “आदी राब भाजायचा, मंग पेरायचा.” शहरी लेखकास “राब” हा शब्द अपरिचित. पण र नंतर ओठ मिटतात हे त्याने पाहिले, आणि लिहिले “रोप”. पुढे भ वर ओठ मिटून उघडतात हेही त्याने पाहिले, आणि “भाजायचा” चे केले “भिजवायचं”. कलावतीने गोड, घोटीव आवाजात म्हटले, “आधी रोप भिजवायचं, मग पेरायचं.” ओठ तंतोतंत जुळले. मागल्या रांगा हसल्या त्या ह्याच ठिकाणी. कारण पेरण्यापूर्वीच रोप भिजविणारा शेतकरी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

राब म्हणजे काय हे ज्यास ठाऊक नाही त्यास ह्या विपर्यासाची खोली कळणार नाही. कोकणात आणि घाटमाथ्याच्या पश्चिम उतारावर भाताची रोपे ज्या तुकड्यात तयार करावयाची, त्या तुकड्यावर उन्हाळ्यात झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, शेणगोवऱ्यांचा चुरा, वाळके गवत ह्यांचे थर पसरतात, वर माती टाकतात आणि ते सारे भाजतात. त्या उष्णतेने तणाचे बी मरते, राखेचे खत जमिनीस मिळते, आणि पहिल्या पावसाबरोबर तेथे भात पेरला की रोपे जोमाने वर येतात. मग ती उपटून चिखलात लावावयाची, ती आवणी. डहाळ्या तोडण्यावरून जंगल खाते आणि शेतकरी ह्यांच्यात किती पिढ्यांची तेढ आहे, हेही “राब” ह्या दोन अक्षरांत साठलेले आहे. त्या शब्दात अग्नी आहे; आमच्या बोलपटाने त्याचे पाणी केले. आणि ज्यांनी ते केले त्यांची, आमच्यासकट, त्या संध्याकाळी स्तुती झाली, कारण ओठ जुळले होते.

जुळणीच्या शास्त्राचा आम्ही उपहास करीत आहोत असा मात्र कोणी ग्रह करून घेऊ नये. उलट, त्या शास्त्राचा थोडा अभ्यास केल्यावर त्याविषयी आमचा आदर वाढला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ सालच्या एका शिफारशीत असे नमूद आहे की, आवाज चित्राच्या सुमारे ४५ सहस्रांश सेकंद पुढे गेला तर प्रेक्षकास ते जाणवू लागते. परंतु तो मागे पडला, तर सुमारे १२५ सहस्रांश सेकंदांपर्यंत त्यास पत्ता लागत नाही. हा पक्षपात का? आमच्या मते माळशेजच्या पायथ्याशी उभे राहिले की त्याचे उत्तर मिळते. समोरच्या टेकाडावर कोणी लाकूड फोडीत असेल, तर कुऱ्हाड पडलेली आधी दिसते आणि घाव मागाहून ऐकू येतो. वीज आधी, गडगडाट नंतर. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर चालतो. २४ फ्रेमच्या बोलपटात एक फ्रेम सरते तेवढ्या अवधीत त्याची मजल जेमतेम १४ मीटर. आवाज थोडा उशिरा येणे हा सृष्टीचाच नियम आहे, म्हणून कान त्यास क्षमा करतो. आवाज कृतीच्या आधी येणे सृष्टीत कधीच घडत नाही, म्हणून त्यास तो क्षमा करीत नाही. इतका सूक्ष्म विवेक निसर्गाने ज्या कानास दिला आहे, तो कान एका बाईच्या तोंडून दुसरीच बाई बोलत आहे हे ओळखणार नाही, असे समजून जे चालतात त्यांस काय म्हणावे? परगावच्या पाहुण्याने ते ओळखले नाही, कारण त्याने त्या बाईस पूर्वी कधी ऐकले नव्हते. तिच्या गावाने ओळखले. तिने स्वतः ओळखले. सहस्रांश सेकंदाची चूक मोजणारे माप व्यवसायाजवळ आहे, आणि माणूसच बदलल्याची चूक मोजणारे माप त्यास कधी हवेसे वाटले नाही.

हे असेच चालत आले आहे काय? मुळीच नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला, आणि पुढल्याच वर्षी प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. त्या काळी जो दिसे तोच बोले आणि तोच गाई. गोविंदराव टेंब्यांना व दुर्गाबाई खोट्यांना गळा उसना मिळण्याची सोय नव्हती. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीसांच्या समोर जिजाईची भूमिका गौरी नावाच्या नटीने केली. साध्या कामकरी स्त्रियांच्या वर्गातून आलेल्या ह्या बाईचा तो रोकडा, रांगडा, संसाराने तापलेला आवाज ज्याने ऐकला आहे, त्यास विचारा: तिच्या जागी एखाद्या सुशिक्षित कलावतीचा शुद्ध उच्चार बसविला असता, तर तुकोबांच्या वैराग्यास टक्कर देणारी ती जिजाई उरली असती काय? दामले-फत्तेलालांनी तिचा उच्चार अस्वच्छ म्हणून फेकला नाही, आणि तो बोलपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला.

मागाहून आवाज चढविण्याची रीत आली ती आधी निरुपायाने. दादासाहेब फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला, आणि बोलपटांच्या लाटेत त्यावर मागाहून आवाज चढवावा लागला. पुढे हलके कॅमेरे आले, त्यांमुळे चित्रण स्टुडिओबाहेर पडले. परंतु ते कॅमेरे चालताना एवढा खडखडाट करीत, की त्या जागी घेतलेला आवाज कामाचा नसे. मग नटांनी अंधाऱ्या खोलीत आपलेच ओठ पाहून आपलीच वाक्ये पुन्हा म्हणावयाची, ही वहिवाट पडली. येथवर निरुपाय होता. परंतु कॅमेऱ्यांचा खडखडाट थांबून कैक वर्षे झाली. २००१ साली ‘लगान’सारखा अवाढव्य बोलपट कच्छच्या उघड्या माळावर जागच्या जागी आवाज घेऊन तयार झाला, २०१४ सालच्या चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या ‘कोर्ट’ने पडद्यास अपरिचित माणसांस त्यांच्याच आवाजात बोलू दिले आणि सर्वोत्कृष्ट कथापटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. कारण गेले, वहिवाट राहिली. जी गोष्ट अडचणीतून जन्मली तिलाच आता शास्त्र म्हणून शिकविण्यात येत आहे.

ह्यावर आक्षेप घेण्यात येतील, आणि ते आम्ही ऐकले आहेत.

पहिला आक्षेप असा की, खेडेगावातला आवाज गोंगाटाचा असतो. ह्याचे उत्तर अर्धे होकारार्थी आहे. महामार्गावरून मालमोटार जात असेल, कोणाच्या घरी ध्वनिवर्धक लागला असेल, तर बोलणे बुडते हे खरे. परंतु त्याचा उपाय डबिंग हाच एक आहे काय? बोलणे झाल्यावर त्याच पडवीत, त्याच बाईकडून, कॅमेरा बंद ठेवून बुडालेली वाक्ये पुन्हा म्हणवून घ्यावीत. कोणी बोलत नसताना त्या जागेची शांतता दोन मिनिटे टिपून ठेवावी, म्हणजे सांधे झाकता येतात. ह्यास पैसा लागत नाही. थोडा धीर लागतो. शिवाय, गोंगाट कशास म्हणावे हाही प्रश्नच आहे. मोटारीचा कर्णा हा गोंगाट होय. पडवीतला कोंबडा हा त्या घराचा रहिवासी आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. आमच्या प्रकरणात त्याची गंमत अशी की, डबिंगचा लेखक, कलावती आणि स्टुडिओचे तास ह्यांचे बिल आम्ही भरले. खरी दुरुस्ती झाली ती विद्यार्थ्यांनी फुकट केली.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो करणारे पुष्कळदा आमचेच प्राध्यापक-बंधू असतात. ते म्हणतात, शहापूर-मुरबाडची बोली पुण्या-नागपूरच्या प्रेक्षकास कळणार नाही; प्रमाण मराठी सर्वांस कळते. आम्ही विचारतो, हेच प्रेक्षक इराणी आणि कोरियन बोलपट पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या ओळी वाचीत आवडीने पाहतात ना? सातासमुद्रापलीकडच्या भाषेसाठी ज्यांस वाचण्याचे श्रम होत नाहीत, त्यांस मुंबईपासून शंभर किलोमीटरांच्या आतील मराठीसाठीच ते का व्हावेत? बाईच्या बोलण्याखाली प्रमाण मराठीच्या ओळी घाला. ज्यास न कळेल तो वाचील, ज्यास कळेल तो ऐकेल. प्रमाण भाषेविषयी आम्हांस द्वेष नाही. हा लेख आम्ही तीतच लिहीत आहोत. परंतु लिहिण्यासाठी सर्वांनी मान्य केलेली भाषा दुसऱ्याच्या जिभेवर बळेच चढविणे, हा तिचा गौरव नव्हे.

आणि ही बोली म्हणजे अशुद्ध मराठी, हा भ्रम तरी एकदा सोडावा. पाणीचे पानी, डोळ्याचा डोला, हा आळस नसून एका मोठ्या टापूचा नियमबद्ध उच्चार आहे. ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली मराठीस वाहिला, तेव्हा उत्तर कोकणातील आगरी, ठाकरी, कातकरी इत्यादी बोलींची त्याने दखल घेतली. आपल्याच काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेऊन गावोगावच्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. एकीकडे विद्वान हातात रेकॉर्डर घेऊन हा आवाज जपण्यास वाडीवाडीत जातात. आणि दुसरीकडे तोच आवाज आयता हातात आला असता आम्ही त्यास केराची टोपली दाखवितो.

ह्या मुलखाच्या बाबतीत ही गोष्ट आम्हांस अधिकच बोचते. तानसा, भातसा आणि वैतरणा ह्यांचे पाणी ह्याच डोंगरांतून नळांनी मुंबईस जाते; तानसाचे तर १८९२ पासून जात आहे. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसाचे. ह्याच शहापूर तालुक्यातील कितीएक पाड्यांवर वैशाखात पाण्याचे टँकर यावे लागतात. आता त्याच वाटेने देखावेही जाऊ लागले आहेत. हिरवा घाट हवा, माहुलीचे सुळके हवेत, धबधबा हवा, नऊवारी नेसलेली सुरकुतलेली आजी हवी. फक्त तिने बोलू नये. पाणी नेताना नळात गाळणी बसवितात हे आम्ही समजू शकतो. चित्र नेताना माणसाचा आवाज गाळून टाकणारी गाळणी कोणी बसविली?

हा प्रश्न उद्यावर टाकण्याजोगा नाही, कारण यंत्र एक पाऊल पुढे गेले आहे. कालपर्यंत ओठ पाहून शब्द बसवावे लागत. आता संगणकाची कृत्रिम बुद्धी शब्द ऐकून चित्रातले ओठच बदलते, आणि थोडेसे बोलणे ऐकून कोणाचाही आवाज हुबेहूब घडविते. म्हणजे उद्या त्या म्हातारीच्या तोंडी, तिच्याच आवाजात, ती कधी न बोललेली वाक्ये घालता येतील, आणि ओठ आजच्याहून चोख जुळतील. जुळणी हीच जर एकमेव कसोटी असेल, तर त्या दिवशी आक्षेप घेण्यास कोणाजवळ शब्द उरणार नाहीत. कसोटी आजच बदलली पाहिजे.

गाण्यासाठी उसना गळा घेण्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘भाग्यचक्र’मध्ये तो मार्ग खुला केला, तो एक उघड, सर्वमान्य संकेत आहे, आणि त्याने आपले कान समृद्ध केले आहेत. परभाषेतला बोलपट आपल्या भाषेत आणण्याविरुद्धही नाही. नटाने आपलेच वाक्य स्टुडिओत पुन्हा नीट म्हणावे, ह्यास तर कोण हरकत घेईल? आमची हरकत एकाच गोष्टीस आहे: जिवंत माणूस स्वतःविषयी बोलत असता, त्यास न विचारता त्याचा आवाज काढून दुसऱ्याचा घालणे. म्हणून आमच्या मागण्याही थोड्याच आहेत. महाविद्यालयांनी व अनुदान देणाऱ्या संस्थांनी अशा चित्रणास मूळ आवाजाची अट घालावी. अगदीच निरुपायाने आवाज बदलावा लागला, तर त्या माणसास तो आधी ऐकवून त्याची संमती घ्यावी, आणि बदल केल्याचे पडद्यावर स्पष्ट लिहावे. मूळ ध्वनिमुद्रण कधीही नष्ट करू नये. आणि चित्रपटकला शिकविणाऱ्यांनी विद्यार्थ्यांस फ्रेमचा वेग आधी ठरविण्यास शिकवावे; म्हणजे निदान हजारातल्या एका अंशासाठी माणूस बाद होणार नाही.

आमच्यापुरते आम्ही प्रायश्चित्त घेतले आहे. मुलांनी दोन दिवस खपून बाईचा मूळ आवाज पुन्हा चित्रावर बसविला, खाली प्रमाण मराठीच्या ओळी घातल्या, आणि फेब्रुवारीत आम्ही तो बोलपट घेऊन तिच्या वाडीत गेलो. पडवीच्या भिंतीवर चादर लावून तो दाखविला. “राब भाजायचा” हे शब्द आले तेव्हा कोणी हसले नाही. एक-दोघांनी नुसत्या माना डोलावल्या. मध्येच कोंबडा आरवला. खेळ संपल्यावर आम्ही बाईंस भीत भीत विचारले, “आजी, आता कोण बोलते आहे?”

“आता मीच बोलते, मास्तर,” ती म्हणाली, आणि अंगणाकडे हात करून पुढे म्हणाली, “आनि तो कोंबडा पन आमचाच.”